तळपाय, तीनशे डीपीआय

आमच्या शाळेच्या लॅबमध्ये संगणक सहा,
चालतात चार,
त्यातल्या चौथ्याला आधी थोपटावं लागतं.
चित्रकलेचा तास मी तिथं नेला तेव्हा
मुख्याध्यापक म्हणाले, बरं झालं, रंग सांडणार नाहीत.

विषय दिला: कोरगावचं एक दुखणं, एका पोस्टरात.
पोरांनी पृथ्वी काढली.
पृथ्वीला डोळे, डोळ्यांत पाणी,
खाली दोन तळहात, मधे रोपटं.
मी विचारलं, हे हात कुणाचे?
जोविन म्हणाला, इंटरनेटचे, सर.

उर्वी हळर्णकर मागच्या बाकावरची.
अर्धा तास तिच्या पडद्यावर नुसता पांढरा चौकोन.
मग म्हणाली,
आईचा पाय चालेल?

खाजन शेताच्या कडेनं हरमलचा रस्ता जातो.
रात्री गाड्या थांबतात, बांधावर बसून पितात,
मग बाटली कोण किती लांब फेकतो याची पैज.
चिखल काच दाखवत नाही,
बियाण्यासारखी सांभाळून ठेवतो,
आणि लावणीच्या दिवसांत ती पायात उगवते.

शनिवारी आई आली.
नळावर पाय धुतले, पदरानं पुसले.
स्कॅनर आम्ही टेबलावरून जमिनीवर उतरवला, झाकण उघडलं,
तशी ती मागं सरली.
‘पांय दवरूं? हांगा? विद्येचेर?’
वर्गात कुणी हसलं नाही.
तिनं वाकून यंत्राला हात लावला, हात कपाळाला,
आणि मग पाऊल ठेवलं
काचेवर.
पुन्हा काचेवरच.
मी म्हटलं, भार देऊ नका.
भार न देता पाय ठेवायची तिला सवय नव्हती.
खालून उजेड टाचेकडून बोटांकडे सरकत गेला,
तिचे ओठ हलत होते.
मोजत होती की नाव घेत होती, कळलं नाही.

तीनशे डीपीआयला तळपाय म्हणजे खाजनच दिसतं:
बांध, बांधांना पडलेल्या भेगा,
आणि मानशीच्या जागी
सात टाक्यांची ओळ.

मग वाद.
जोविनला लाल हवा होता, ठिबकणारा.
उर्वीनं लाल लेअर लावला, काढला, लावला, काढला.
म्हणाली, रक्त दिसलंच नव्हतं आईला,
विहिरीवर गेल्यावर कळलं.
अक्षरं कुठली?
कोकणीत लिहिलं तर फेकणारा वाचणार नाही,
इंग्रजीत लिहिलं तर आई.
मी फॉन्टवर दहा मिनिटं बोललो. मास्तर आहे.
शेवटी काहीच लिहिलं नाही,
कोपऱ्यात फक्त बाटलीचं बूच.

पेडण्याच्या फ्लेक्सवाल्यानं फाईल उघडली,
वर-खाली केली.
वाढदिवस कुणाचा? म्हणाला,
चेहरा राहिलाय तुमचा.

सहा बाय चार. बांधावर दोन बांबूंना बांधला.
येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्याच्यासमोर फोटो काढले,
एकानं स्वतःचा पाय वर धरून.
एका सकाळी त्याच्याखाली एक रिकामी बाटली मिळाली,
उभी, न फोडलेली.
हिला यश म्हणायचं का,
अहवालात मी तो रकाना कोरा सोडला.
उर्वीची आई तिथून जाताना मान खाली घालायची.
लोकांच्या डोक्यावर पाय टांगलाय माझा, म्हणायची.

कापणीनंतर वाऱ्यानं एक बांबू मोडला.
तिनं फ्लेक्स घरी नेला, घासून धुतला,
अंगणात पसरून वर कोरगुट वाळत घातलं.
परवा गेलो तेव्हा भात पायानं परतत होती,
सावकाश, ओळी काढत.
तांबूस दाण्यांखालून मधेच एक बोट दिसायचं,
टाच दिसायची,
तिच्याच टाचेखाली परत झाकली जायची.
मला बघून थांबली.
‘सर, हो रंग भाताक लागना मूं?’

मी खाली बसलो.
चार दाणे उचलले,
तळहातावर चोळून पाहिले.