दुसऱ्या कडव्यातली खोली

आधी वाटलं पंप असेल.
पंप बंद होता.
तरी दोन नंबरच्या ट्रॅकवर, गिटारच्या बुडाशी,
एक जाड भुणभुण.
केबल बदलली. लॅपटॉप बॅटरीवर घेतला.
शेवटी गोवर्धनकाका वायरमननं हेडफोन एका कानाला लावला:
"अर्थिंग सुकली बाप्पा तुही."
मागच्या दारी खड्ड्यात मीठ, कोळसा, दोन घागरी पाणी,
आणि भुणभुण अशी गेली,
जसा रुसलेला पाहुणा चहा न घेता उठतो.

खोलीत तेव्हा कापूस होता.
आढ्यापर्यंत. खिडकी अर्धी बुजलेली.
मधोमध माणूसभर जागा उकरून तिथं माइक उभा केला,
त्याच्या तोंडापुढे भरतकामाची रिंग,
रिंगवर ताणलेला आईचा पायमोजा.
टाळी वाजवून पाहिली.
टाळी हातातच राहिली.

प्रज्ञा उईके गायली, केसांत सरकी.
"मी अशी गातो काय बे?" ऐकून म्हणाली.
ओठ सुटल्याचासुद्धा आवाज होता त्यात,
गिळलेला घोट होता.
म्हटलं, वीतभर मागं हो,
'प' आला की मान जराशी तिरपी कर.
मग तिनं 'पऱ्हाटी' म्हटलं
आणि फुंकर माइकच्या बाजूनं निघून गेली.

गिटार दोनदा वाजवली, एक डावीकडे, एक उजवीकडे.
कॉपी करून सरकवलीही होती आधी, आळसानं;
दोघी येऊन मधेच बसल्या,
जुळे भाऊ एका बाजेवर.
खरंच दोनदा वाजवावी लागते.
दुसऱ्या वेळी बोट केसभर उशिरा पडतं,
तेवढ्यात मधे प्रज्ञाला उभं राहायला जागा होते.
गिटारचं बूड छाटलं, तेव्हा एकटी ऐकताना
ती काटकुळी वाटली, आजारातून उठल्यासारखी.
गळ्याखाली लावली, तर बरोबर.

दुसरं कडवं राहिलं.
प्रज्ञाची नर्सिंगची परीक्षा, यवतमाळला, अकरा दिवस.
ती आली तोवर टेम्पो येऊन गेला होता.
खोलीत भिंती उरल्या,
कोपऱ्यात थोडी कवडी.
टाळी वाजवली.
चार टाळ्या परत आल्या.

गोधड्या टांगल्या, बाज उभी केली,
तुरीची पोती रचली तिच्या पाठीशी.
ती गायली, चांगलीच गायली.
रात्री पहिल्या कडव्यावर रिव्हर्ब चढवला,
उतरवला, पुन्हा चढवला,
शेजारचा कोंबडा ट्रॅकवर येईपर्यंत.
"राहू दे ना," प्रज्ञा म्हणाली, "कोनाले समजते?"

बाबांना ओसरीत ऐकवलं, मोबाइलवरच.
ते सुपारी कातरत होते.
पहिलं कडवं सरलं. मधली गिटार. दुसरं लागलं.
अडकित्ता थांबला.
"इथं कापूस गेला," म्हणाले,
आणि पुन्हा कातरू लागले.