करंगळी

कन्नमवारनगर, महापालिकेची शाळा, सहावी ब.
मधल्या सुट्टीच्या आत
देश जन्माला घालायचा होता.

अध्यक्ष प्रणोती तांडेल.
हातोडा म्हणून घरचा बत्ता,
त्याला अजून लसणाचा वास.

मुस्तकीम संस्थान झालेला.
विलीन व्हायचं वाक्य तीनदा आलं नि गेलं,
हा काही विलीन होईना.
आईच्या ओढणीचा फेटा,
पुन्हा कधी डोक्यावर चढणार?
विंगेतून बाई दबक्या आवाजात ओरडल्या,
"हो रे बाबा, फेट्यासकट हो!"
"घंटा झाल्यावर होतो," म्हणाला.

तसंच मतदान घेतलं.
"संमती असेल त्यांनी हात वर करा."
सभासद बारा, हात चाळीसेक:
पुढच्या सतरंजीवरची अख्खी बालवाडी,
प्रत्येक मुठीतून फक्त करंगळी उभी.

"अगं, ही मतं नव्हेत," बाई म्हणाल्या.
प्रणोतीने बत्ता आपटला,
टेबलाचा टवका उडाला.
"हात वर आहे ना? मग मोजा."

मोजल्या.
ठराव मंजूर.
आणि सार्वभौम प्रजासत्ताक
एकमेकांचा शर्ट धरून, रांगेने
मुतारीकडे निघालं.

सगळ्यात पुढे मुस्तकीम,
एका हाताने फेटा सावरत.