नाम की विशेषण

सातवीचा तास. खिडकीबाहेर ग्रेडिंगच्या शेडमध्ये
क्रेटवर क्रेट आदळतायत.
मी फळ्यावर लिहितो: ऑरेंज.
एकच शब्द, सांगतो, दोन कामं करतो,
कधी फळ असतो, कधी रंग.
वाक्यात कुठं बसलाय ते बघायचं
आणि मग ठरवायचं, नाम की विशेषण.

मागच्या रांगेतून तन्वी धुर्वे:
"आमच्या वावरातलं ऑरेंज त हिरवंच रायते, सर.
व्यापारी न्यायले येते, तरी हिरवंच."
वर्ग हसतो. मीही.
फळ्यावरचा शब्द मात्र जरा कच्चा दिसू लागतो.

मग पेशंट.
म्हणजे आजारी, आणि म्हणजे धीर धरणारा.
हे कुणाला समजवावं लागलं नाही.
मोर्शीच्या सरकारी दवाखान्यातल्या बाकावर
दोन्ही अर्थांनी एकाच वेळी बसून आलेली पोरं ही,
केसपेपर घामानं मऊ झालेला,
डॉक्टर जेवायला गेलेले.

"आपल्या मराठीत बी असते का असं?"
असतं की. थोरला. धाकली.
आधी विशेषणंच होती. पुढचं माणूस गळून पडलं
आणि ती एकटीच घरात राहू लागली.
"म्हंजे बहिरी," तन्वी म्हणाली.

व्हरांड्यात खिचडीच्या गंजात
सराटा फिरवत होती ती.
गाव तिला बहिरी म्हणतं. सहा वर्षं मीही.
बहिरीला डाळ मोजून द्या.
बहिरीला सांगा, उद्या सुट्टी.
"मंग थे नाम हाये का विशेषण, सर?"

वाक्यात कुठं बसलीय ते बघायचं.
बसलेली मी तिला कधी पाहिलीच नव्हती.

मधल्या सुट्टीत मानधनाचं रजिस्टर काढलं.
अनुक्रमांक दोन. निळा अंगठा.
शेजारी माझ्याच अक्षरात, पानामागून पान,
कौतिका मारोती पंधरे.
दर महिन्याला लिहिलेलं,
एकदाही न वाचलेलं.

दारात उभा राहिलो, हाक मारली: कौतिकाबाई.
ती वळली नाही.
बहिरी म्हटलं असतं
तरी वळली नसती.

तन्वीनं तिच्या कोपराला हात लावला.
तेव्हा तिनं बघितलं, आधी पोरीकडं,
मग माझ्या ओठांकडं, बराच वेळ,
आणि सरांना भूक लागली असेल असं समजून
एक ताट पदरानं पुसलं.