तीन मीटर इकडेतिकडे

सूरच्या मासळीबाजारातला काटा तपासून झाला.
शंभर किलोमागे चाळीस ग्रॅम चूक, चालण्याजोगी.
सही, शिक्का, स्टिकर.
चूक किती एवढंच लिहायचं, हा माझा धंदा;
का झाली, ते कुणी विचारत नाही.

लतीफ गाडी घेऊन येणार पावणेसहाला.
तोवरचे दोन तास माझे.
फोनवर हिरवा ठिपका, खाडीपलीकडे, दीपस्तंभाच्या अलीकडे:
कुणीतरी कधीतरी एक डबी लपवलीय,
अक्षांश-रेखांश ठेवून आपल्या देशी निघून गेलंय,
आणि मागे एकच ओळ:
शिडाला विचारू नका, नांगराला विचारा.

असल्या डब्या मी गावोगाव काट्यांच्या मधे शोधतो.
सोहारला होती कठड्याखाली, लोहचुंबकाने चिकटलेली.
निझवाला खजुराच्या बुंध्यात,
आणि आतल्या सुरळीवर, चेक नि जर्मन सह्यांच्या खाली,
देवनागरीत:
"मिळाली. पाणी संपलंय."
नाव नाही, गाव नाही.
त्या उन्हात मी तो 'ळ' पुन्हा पुन्हा वाचला.
मिळाली म्हणे. मिळाला नाही, मिळालं नाही.
म्हणजे त्याच्याही मनात ती डबीच होती.

इथे नांगर आहे. माणसाएवढा, नुकता काळा रंगवलेला,
बाजूला अर्धवट सांगाडा एका गलबताचा, फासळ्या मोजता येतील असा.
फोन म्हणतो तीन मीटर.
मी पलीकडे जातो. तीन मीटर.
गुडघ्यावर बसतो, वाळू उकरतो, तीन मीटर,
आणि बाण गरगर फिरतो अंगात आल्यासारखा.
एक शेळी पुठ्ठा चावायची थांबून बघते आहे.

"काय हरवलं?"
म्हातारा हिंदीत विचारतो, कुठल्याशा जुन्या बंदरातल्या हिंदीत.
काही नाही हरवलं.
"मग शोधतोस काय?"

सांगितलं. कुणी लपवतं, आपण शोधायचं,
नाव लिहायचं, परत तिथेच ठेवायचं.
"नेत नाहीस?"
नाही.
"पैसे देतात?"
नाही.
त्यानं माझ्या कपाळाकडे पाहिलं, ऊन लागलंय का म्हणून.
मग सावलीत नेलं, फळकुटावर बसवलं,
आणि खोपटातून बिस्किटांचा डबा आणला.
डब्यात फडकं, फडक्यात डबी.

नाव खमीस. म्हणजे गुरुवार. वार सोमवार होता.
दोन वर्षांपूर्वी क्रेननं नांगर हलवला रंगासाठी,
तेव्हा खाली ही दिसली.
कुणाची तरी ठेव, म्हणून उचलून ठेवली.
तेव्हापासून जो कोणी येतो
आणि खुंटीला बांधल्यासारखा नांगराभोवती फिरतो,
त्याला बोलावतो.
"लगेच नाही," खमीस म्हणाला. "थोडं फिरू देतो."

सुरळीवर बेचाळीस नावं, मीच मोजली.
त्याचं कुठेच नाही.
पण शेवटल्या दीड वीत कागदावर
प्रत्येक नावाशेजारी एक तपकिरी गोल आहे,
चहाच्या पेल्याच्या बुडाएवढा.

माझ्या खिशात बाद झालेलं पितळी वजन होतं,
पाच ग्रॅमचं, तीन मिलिग्रॅमनं झिजलेलं.
ते डबीत टाकलं, एका बटणाच्या
आणि प्लास्टिकच्या हिरव्या डायनोसोरच्या शेजारी.
लिहिलं: "मिळाली. चहा झाला."
खमीसनं पेला त्यावर टेकवला, थोडा तिरका.

आता नियमानं मला कळवायला हवं:
जागा बदलली आहे, चूक बारा मीटर.
हॉर्न वाजतोय, लतीफ पुलाशी थांबलाय,
बायकोचा फोन, "काय मिळालं आज?"
"सही करून आलो," मी म्हणतो.
"कशावर?"

खिडकीतून नांगर दिसतो आहे, शेळी त्याला अंग घासते आहे.
कळवलं नाही मी.
फिरू दे पुढच्याला थोडं.