पाव फेरा

तिघऱ्याच्या धक्क्यावर, जानेवारीत, सकाळी
पाना उघड्या हाताने धरवत नाही.
बचाव-बोट नंबर तीन रॅम्पवर ओढून घेतलीय
आणि तिच्या इंजिनाचं खालचं बूच
डोकं तुटून आत बसून राहिलंय.

तुटलं तेव्हा आवाजही फारसा झाला नाही,
सुपारी फुटते तेवढाच.
षट्कोनी डोकं तेवढं हातात आलं, ते खिशात टाकलं
आणि बिडवईला मोजून शिव्या घातल्या.
माझ्याआधी इथे होता तो,
आता मुरैन्याला पाण्याचे पंप दुरुस्त करतो.
कुणी सांगितलं होतं रे एवढं आवळायला?
गिअरचं तेल राखायचं होतं
की जन्मठेपेला पाठवायचं होतं?

लोहिया बाजारातून इद्रीसभाई आले, स्कूटरवर.
पायाशी पिशवी, पिशवीत उलट्या आट्यांचे ड्रिल
मुलाच्या शाळेच्या मोज्यात गुंडाळलेले.
आल्याआल्या त्यांनी काहीच केलं नाही.
चष्मा कपाळावर सरकवून, भोकाशी नाक नेऊन
बराच वेळ बघत राहिले,
परक्या घरात शिरण्याआधी कुणी
उंबऱ्याशी चपला काढत रेंगाळावं तसे.

मग एक ठोका. मधोमध.
तो चुकला तर ड्रिल घसरतो,
ॲल्युमिनियम मऊ, आटे जातात,
आणि आटे गेले की खालचं अख्खं घरच बदलायचं,
ज्याची मंजुरी भोपाळहून येते,
आली तर.
"ताई, टॉर्च हिलना नहीं चाहिए."
टॉर्च कुठे हलत होता, हात हलत होता माझा.

गरम हवा. गंजावर तेलाचे थेंब. थांबणं.
पुन्हा हवा. पुन्हा थांबणं.
समोर बुडालेल्या बाभळीच्या शेंड्यावर
दोन पाणकावळे पंख पसरून वाळत घातल्यासारखे.

अकराच्या सुमारास ड्रिलने आत दात रोवला
आणि कापता कापता एकदम
तुकडाच त्याच्यासोबत उलटा फिरू लागला,
जणू इतका वेळ कुणी विचारलंच नव्हतं त्याला.
करंगळीच्या पेराएवढा.
टोकाला लोहचुंबक, चुंबकाला किसाची काळी मिशी,
आणि मागोमाग तेल, दुधाळ,
टपरीवरच्या चहासारखं. पाणी शिरलेलं.

"डोकं कुठाय याचं? मापाला लागेल."
इद्रीसभाई मराठी बोलतात, पण फक्त मापाबद्दल बोलताना.
खिशातून काढून दिलं.
त्यांनी ते फडक्याने पुसलं, नखाने खरवडलं.
"वायसर दोन आहेत."

एक तांब्याचा.
त्याखाली चिकटलेला दुसरा, काळा, वेडावाकडा,
सायकलच्या ट्यूबमधून कात्रीने कापलेला.
ती कात्री माझी.

भाद्रपदातली ती रात्र, विसर्जनानंतरची.
चार तास गळ टाकत फिरलो,
पंख्यात निर्माल्य, ओढण्या, सुतळ्या,
आणि मुलगा मिळाला नाही.
तिसऱ्या दिवशी आपणच वर आला, दुसऱ्याच काठाला.
धक्क्यावर परतल्यावर सगळे घरी गेले
आणि मी अंधारात गिअरचं तेल बदललं.
कुणी सांगितलं नव्हतं.
एक वायसर पुरला असता.
पाना आधी दोन्ही हातांनी ओढला,
मग पाय देऊन.

दोन वायसर एकमेकांवर नीट बसत नाहीत.
पाणी तिथूनच गेलं.

बिडवईला फोन लावीन म्हणते,
पंप कसे चाललेत, एवढंच विचारायला.

नवं तेल खालून भरायचं असतं,
वरच्या भोकातून डोकावेपर्यंत.
मग आधी वरचं बंद, मग खालचं.
नवं बूच बोटांनी फिरवलं, बसेपर्यंत,
आणि पान्याने पाव फेरा.
"बस," इद्रीसभाई म्हणाले.

हात अजून थोडं मागत होता.
पाना मी त्यांच्याकडे दिला.