तिकिटाच्या पाठीवर

एकोणिसाव्या वर्षी, शिलुतेच्या बस स्टँडवर
तिकिटाच्या पाठीवर लिहिलं होतं मी:
परदेशात नोकरी. एक मूल. कांक्लेस वाजवायला शिकणं.
चौथं काहीतरी सुचत होतं,
पण बस आली.

पहिली ओळ ओलेसुनच्या कारखान्यात
कॉडच्या पोटात हात घालून
बावीस वर्षं पुरी होतेच आहे.
दुसरी आली तेव्हा तिचा बाप ट्रॉलरवर.
नाव मी एकटीनंच ठेवलं, इंग्विल,
इथल्या जिभांना जड जाऊ नये म्हणून.

तिसरी गेल्या हिवाळ्यात टपालानं आली,
भावाच्या जुन्या कोटात गुंडाळलेली.
बोटं बर्फानं आखडलेली, तार सापडत नाही,
सापडली तर सुटत नाही.
लाकडालाही आता मासळीचा वास.

काल एकाच जागी अडले, सात वेळा.
पलीकडच्या खोलीतून इंग्विल ओरडली,
नॉर्वेजियनमध्ये: आई, सूर उतरलाय.
मग जरा थांबून, माझ्या भाषेत,
अडखळत, एकच शब्द: परत.

मी नव्हता शिकवला.
फोनवर माझ्या आईच्या तोंडून
ऐकला असेल, दर रविवारी.

चौथं काय होतं, आठवत नाही.
पहिल्या तारेपासून सुरू केलं.