अकरा पूर्णांक चार

ओवेन्सबरोच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर,
व्हर्ना टॅकेट निविदा वाचते
तशी कुणी डाळही निवडत नसेल.
बंधाऱ्याचे दरवाजे बदलायचेत.
चार लखोटे आलेत,
आणि खिडकीबाहेर ओहायो नदी,
तपकिरी, फुगलेली, कुणाच्याच बाजूची नाही.

तपशिलात एक आकडा :
बिजागरीची जाडी ११.४ मिलिमीटर.
बारा का नाही? मी विचारलं. अकरा का नाही?
तिने चष्मा कपाळावर सरकवला.

तिघांनी लिहून विचारलं होतं, बारा चालेल का.
चौथ्याने काहीच विचारलं नव्हतं.
ब्रॅनहॅम-ओडेलच्या गोदामात
११.४ च्या बिजागऱ्या
दोन वर्षं धूळ खात पडल्या होत्या.

हा तपशील आम्हाला लिहून दिला
हॅडली सल्लागारांनी, रीतसर फी घेऊन.
आणि हॅडलीचा मालक कोण,
ते परिशिष्ट सातच्या तळटीपेत,
मुंगीच्या अक्षरात.

"आमच्यात भिंत आहे," त्यांचा वकील म्हणाला,
आणि भिंतीचा आराखडा पाठवला, बावीस पानी.
व्हर्ना मला गाडीत घालून लुईव्हिलला गेली.
भिंत होती. खरंच होती.
ओला रंग माझ्या बाहीला लागला.
पण फ्रिज एकच,
त्यावर चिठ्ठी : डेलबर्टच्या निरोपाचा केक,
दोन्हीकडच्यांनी घ्या.

परतताना शंभर मैलांत ती एकदाच बोलली :
"चोरी कुणीच केली नाही गं.
गावासाठी अंगरखा बेतताना
शिंप्याने फक्त
आरशात पाहिलं."

त्या रात्री तिने त्यांना बाद करणारं पत्र लिहिलं,
सही तेवढी सकाळवर ठेवली.
सकाळी बहिणीचा फोन :
भाच्याला नोकरी लागली, वेल्डरची,
त्या तिघांपैकीच एका कंपनीत.

व्हर्नाने स्वतःचा फॉर्म काढला.
हितसंबंध : आहे. नातं : भाचा.
पत्र फाईलला टाचलं, बिनसहीचं,
आणि फाईल समोरच्या टेबलावर गेली,
पर्विसच्या.
पर्विस भराभर वाचतो.
तळटीपा त्याच्या डोळ्यांना झेपत नाहीत.

एप्रिलमध्ये दरवाजे बसले.
फीत कापली, लिंबू सरबत झालं.
व्हर्ना आली नाही.
मी कठड्याला टेकून उभी होते,
बिजागरी हाताच्या अंतरावर,
पर्समध्ये मोजपट्टी, काट्यांची, पोलादी.

ती मी अजून बाहेर काढलेली नाही.